स्टम्पिंग की रनआऊट? नाव वेगळं, हिशेबही वेगळा. गावच्या मॅचमध्ये वाद होतो तो नियम माहीत नसल्याने

कर्जत / खालापूर : भातकापणी, झोडणी उरकली, पेंढा घरी आला की दोन्ही तालुक्यांत रिकामी खाचरं आणि माळ क्रिकेटच्या ताब्यात जातात. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो तिथली जमीन मोकळी नसते. बाकी ठिकाणी मात्र ढेकळं फोडून, पाणी मारून पीच तयार होतं, फक्कीने रेघा मारल्या जातात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांचे बॅनर नाक्यानाक्यावर लागतात. नेरळ, कशेळे, कडावपासून चौक, खोपोली, वावोशीपर्यंत पावसाळा तोंडावर येईपर्यंत हेच चालतं.

या सामन्यांत कॅच आणि बोल्डवर सहसा भांडण होत नाही. भांडण होतं ते रेघेवर. बॅट आत होती की बाहेर, कीपरच्या हातात बॉल होता की नव्हता, नो-बॉल असताना स्टम्पिंग धरायचं की नाही. पंच हा बहुतेक वेळा शेजारच्याच गावातला पोरगा. तो आऊट देतो, पण स्टम्प आऊट दिला की रनआऊट, हे त्याला विचारलं तर "काय फरक पडतो, आऊट तो आऊट" असं उत्तर येतं.

फरक पडतो. बॉलरच्या खात्यावर विकेट जमा होणार की नाही, नो-बॉलवर बॅट्समन वाचणार की नाही, धाव धरायची की नाही, हे सगळं या एका फरकावर ठरतं. क्रिकेटचे नियम लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब म्हणजे एमसीसी तयार करतो. त्यात रनआऊटचा नियम ३८ वा आणि स्टम्पिंगचा ३९ वा आहे. दोन्ही शेजारी शेजारी असले तरी एक नाहीत.

थोडक्यात फरक

- स्टम्पिंग म्हणजे यष्टिचीत. रनआऊट म्हणजे धावचीत.
- स्टम्प आऊट फक्त स्ट्रायकर होतो. रनआऊट दोघांपैकी कोणीही होऊ शकतो.
- स्टम्पिंग फक्त विकेटकीपर करू शकतो, तेही एकट्याने. रनआऊट कोणताही फिल्डर करू शकतो, कीपरसुद्धा.
- बॅट्समन धाव घेत नसेल तरच स्टम्पिंग. धावायला निघाला असेल तर रनआऊट.
- स्टम्पिंगची विकेट बॉलरला मिळते. रनआऊटची मिळत नाही.
- नो-बॉलवर स्टम्पिंग नाही. रनआऊट आहे.
- वाइडवर दोन्ही आहे.

एवढं पाठ असलं तरी अर्धे वाद मिटतात. उरलेले अर्धे बारकाव्यांत आहेत, ते पुढे पाहू.

आधी रेघ समजून घ्या

स्टंपच्या पुढे ४ फुटांवर जी रेघ असते ती पॉपिंग क्रीज. गावात तिला नुसतं क्रीज म्हणतात. बॅट्समनच्या शरीराचा किंवा हातातल्या बॅटचा काही भाग या रेघेच्या मागे जमिनीला टेकलेला असेल तर तो घरात आहे. नसेल तर बाहेर.

इथे दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली, रेघ ही बॅट्समनची नाही. बॅट फक्त रेघेवर टेकली आणि रेघेच्या मागे काहीच नाही, तर तो बाहेर धरला जातो. फक्कीची रेघ हाताने मारलेली असल्याने कुठे दोन बोटं तर कुठे चार बोटं रुंद असते. अशा वेळी रेघेची मागची, म्हणजे स्टंपकडची कड खरी. दुसरी, बॅट हवेत असून चालत नाही. पाय रेघेच्या मागे आहे पण हवेत उचललेला, बॅट आत आहे पण जमिनीपासून वर, तर बॅट्समन बाहेरच.

याला एक सवलत आहे. बॅट्समन धावत किंवा सूर मारत येतो, रेघेच्या पलीकडे बॅट किंवा पाय एकदा टेकवतो आणि पुढच्या झोकात ती बॅट उसळते किंवा पाय उचलला जातो. अशा वेळी तो आत आल्याचं धरतात. २०१७ च्या नियमावलीपासून ही सवलत आली. ढेकळांच्या पीचवर बॅट उसळणारच, म्हणून गावच्या पंचाने ही तरतूद लक्षात ठेवायला हवी. पण ती धावत किंवा सूर मारत येणाऱ्यासाठी आहे. जागेवर उभं राहून मारताना मागचा पाय उचलला गेला, तर ही सवलत नाही.

विकेट मोडली म्हणजे नेमकं काय

स्टम्पिंग असो वा रनआऊट, विकेट नीट मोडली गेली पाहिजे. दोनपैकी एक तरी बेल स्टंपवरून पूर्ण सुटली पाहिजे किंवा स्टंप जमिनीतून निघाला पाहिजे. बेल नुसती हलून परत खाचेत बसली तर विकेट मोडली नाही.

मोडायची कशाने? फेकलेल्या बॉलने, किंवा ज्या हातात बॉल आहे त्याच हाताने. बॉल उजव्या हातात आणि घाईत डाव्या हाताने बेल्स उडवल्या, तर बॅट्समन नॉट आऊट. कीपर आणि बॉलर दोघांकडूनही ही चूक होते, आणि लांबून पाहणाऱ्यांना फक्त उडालेल्या बेल्स दिसतात. मग पंचावर ओरड सुरू होते.

बेल्स आधीच पडल्या असतील तर? एक बेल शिल्लक असेल तर ती पाडली तरी पुरे. दोन्ही पडल्या असतील तर स्टंप उपटावा लागतो, आणि तोही बॉल धरलेल्या हाताने. बॉल एका हातात आणि स्टंप दुसऱ्या हाताने उपटला तर ते धरत नाहीत.

उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की बेल्स टिकत नाहीत. दोन्ही पंचांचं एकमत झालं तर नियमाप्रमाणे बेल्स न लावता खेळता येतं, मात्र मग दोन्ही बाजूंच्या काढायच्या. त्यानंतर विकेटला बॉल किंवा बॉलचा हात लागला याची पंचाची खात्री झाली की पुरे. स्टंप पडलाच पाहिजे असं नाही.

स्टम्पिंगच्या अटी

स्ट्रायकरला स्टम्प आऊट द्यायचं तर या सगळ्या गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात :

१. बॉल नो-बॉल नाही.
२. स्ट्रायकर क्रीजच्या बाहेर आहे.
३. तो धाव घ्यायचा प्रयत्न करत नाही.
४. विकेट कीपरने मोडली आहे.
५. मध्ये दुसऱ्या कोणत्याही फिल्डरचा हात नाही.

यातली एक जरी अट तुटली तरी ते स्टम्पिंग राहत नाही. बॅट्समन स्पिनरला पुढे येऊन मारायला गेला, चुकला, कीपरने बॉल घेऊन बेल्स उडवल्या : स्टम्पिंग. तोच बॉल कीपरच्या हातून सुटून स्लिपमधल्या फिल्डरकडे गेला आणि त्याने विकेट मोडली : रनआऊट. बॉल आधी स्लिपच्या अंगाला लागून कीपरकडे आला आणि कीपरने मोडली, तरीही रनआऊट, कारण मध्ये दुसरा फिल्डर आला.

बॉल कीपरच्या पॅडला, छातीला किंवा ग्लव्हजला लागून स्वतःच स्टंपवर गेला तर ते कीपरनेच मोडल्यासारखं धरतात आणि स्टम्पिंग होतं. टेनिस बॉल उसळतो, हातात बसत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा प्रकार बराच दिसतो. "त्याने धरलाच नव्हता" हा बॅट्समनचा मुद्दा इथे चालत नाही. बॅटची कड लागून कीपरकडून कॅच सुटला आणि बॉल स्टंपवर जाऊन आदळला, बॅट्समन बाहेर होता आणि धावत नव्हता, तरी स्टम्पिंगच.

स्वतःला बॉल लागू नये म्हणून बॅट्समन क्रीज सोडून बाजूला झाला असेल तर मात्र त्याला स्टम्प आऊट देता येत नाही.

कीपरने लांबून फेकला तर?

खूप जणांचा समज असा की कीपर स्टंपला चिकटून उभा असेल तरच स्टम्पिंग, लांबून थ्रो केला तर रनआऊट. हे चूक आहे. नियमात अंतराची अट नाही.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण २ जुलै २०२३ चं. लॉर्ड्सवर अॅशेस मालिकेतली दुसरी कसोटी, शेवटचा दिवस. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन ग्रीनचा बाउन्सर इंग्लंडच्या जॉनी बेअरस्टोने वाकून सोडला आणि ओव्हर संपली असं समजून तो क्रीजमधून पुढे चालत गेला. मागे उभ्या असलेल्या अॅलेक्स कॅरीने बॉल हातात येताच स्टंपवर फेकला. बॉल अजून डेड झाला नव्हता. बेअरस्टो १० वर आऊट, आणि स्कोअरकार्डवर नोंद पडली ती यष्टिचीत कॅरी, गोलंदाज ग्रीन. फेकलेला बॉल असूनही स्टम्पिंग, कारण धाव नव्हती, दुसरा फिल्डर नव्हता आणि नो-बॉल नव्हता. हा खेळ सभ्य की असभ्य, यावर इंग्लंडमध्ये खूप बोललं गेलं. नियमाबाबत मात्र शंका नव्हती.

आपल्या पोरांनी यातून घ्यायचं ते एवढंच : बॉल कीपरकडे गेला म्हणजे संपला, असं नसतं. पीचवर बॅट आपटायला जायचं तर आधी बॉल डेड झाला का ते पाहावं.

एकाच मॅचमध्ये दोन्ही, कीपर एकच

फरक डोळ्यासमोर आणायचा तर २३ मार्च २०१६ चा बंगळुरूचा सामना आठवावा. टी-२० वर्ल्ड कप, भारत विरुद्ध बांगलादेश. भारताच्या १४६ धावा.

बांगलादेशचा सब्बीर रहमान २६ वर खेळत होता. सुरेश रैनाचा बॉल लेग साइडला होता, तो हुकला आणि सब्बीरचा पाय क्षणभर उचलला गेला. महेंद्रसिंग धोनीने बेल्स उडवल्या. धाव नाही, दुसरा फिल्डर नाही. स्टम्पिंग. विकेट रैनाच्या नावावर.

पुढे शेवटचा बॉल आला. बांगलादेशला २ धावा हव्या होत्या. हार्दिक पांड्याचा बॉल शुवागता होमला लागलाच नाही, तो धोनीकडे गेला आणि दोघे बाय घ्यायला धावले. धोनीने उजव्या हातातला ग्लव्ह आधीच काढून ठेवला होता. बॉल न फेकता तो स्वतः स्टंपपर्यंत धावला आणि समोरून येणारा मुस्तफिजुर रहमान पोहोचायच्या आत विकेट मोडली. ही पण कीपरने एकट्यानेच मोडलेली विकेट. पण आऊट झाला तो नॉन-स्ट्रायकर, आणि धाव चालू होती. म्हणून रनआऊट, आणि पांड्याच्या खात्यात विकेट नाही. भारत १ धावेने जिंकला.

कीपर तोच, स्टंप त्याच बाजूचे, बेल्सही तशाच उडाल्या. बॅट्समन काय करत होता यावर नाव बदललं.

धावायला निघून परत फिरला तर

पंचाला सर्वात अवघड जाणारा हा प्रकार. बॅट्समन पुढे येऊन मारतो, बॉल पायाशीच राहतो. तो एक-दोन पावलं धावेसाठी टाकतो, समोरचा "नाय नाय" ओरडतो, तो परत फिरतो, तेवढ्यात कीपर पुढे येऊन बॉल उचलतो आणि विकेट मोडतो. हे रनआऊट, कारण धावेचा प्रयत्न झाला होता. नुसता मारण्याच्या झोकात पुढे गेला आणि धावेचा विचारच केला नाही, तर स्टम्पिंग.

चेंडू नेहमीचा असेल तर दोन्हीकडे तो आऊटच आहे, फक्त बॉलरला विकेट मिळणार की नाही हे ठरतं. पण नो-बॉल असेल तर इथेच मॅच फिरते.

नो-बॉल, फ्री हिट आणि वाइड

नो-बॉल : बॅट्समन धाव घेत नसताना कीपरने एकट्याने विकेट मोडली तर तो नॉट आऊट. स्टम्पिंग नाही आणि ते फिरवून रनआऊटही देता येत नाही. नियम ३८ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. मात्र तो धावत असेल तर नो-बॉलवरही रनआऊट. आणि दुसऱ्या फिल्डरच्या थ्रोवर विकेट मोडली गेली तर तो धावत नसला तरी रनआऊट. "नो-बॉलवर कसा आऊट?" असं म्हणत मैदानात घुसणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

कीपरमुळेही नो-बॉल होतो. बॉल बॅटला किंवा बॅट्समनला लागण्याआधी किंवा स्टंप ओलांडण्याआधी कीपर स्टंपच्या पुढे आला, हात पुढे घातले, तर स्क्वेअर लेगच्या पंचाने नो-बॉल द्यायचा. बॅट्समन धावायला निघाला असेल तर मात्र कीपरला पुढे येता येतं. म्हणजे घाईत स्टंपच्या पुढे बॉल पकडून केलेलं स्टम्पिंग फुकट जातं आणि वर एक धाव जाते.

फ्री हिट : ज्या पद्धतीने नो-बॉलवर आऊट होता येतं, त्याच पद्धतीने फ्री हिटवर. म्हणजे स्टम्पिंग नाही, रनआऊट आहे. फ्री हिटचा बॉल वाइड पडला तरी स्टम्पिंग नाही.

वाइड : वाइडवर स्टम्पिंग आहे. एक धाव बॅटिंग टीमला, विकेट बॉलरला, आणि तो बॉल ओव्हरमध्ये मोजायचा नाही. विराट कोहलीची टी-२० आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली पहिली विकेट अशीच आहे. ३१ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टरला त्याने टाकलेला पहिलाच बॉल वाइड गेला आणि धोनीने केविन पीटरसनला स्टम्प केलं. एकही धरण्यासारखा बॉल न टाकता विकेट खात्यावर.

वाइडचा खरा पेच शेवटच्या विकेटला येतो. समजा दोन्ही टीमच्या धावा सारख्या झाल्यात, शेवटची जोडी खेळतेय, बॉल वाइड पडला आणि कीपरने स्टम्पिंग केलं. सामना कोणाचा? बॅटिंग टीमचा. वाइडची धाव आधी धरली जाते, त्या धावेने निकाल लागतो आणि निकालानंतर जे झालं ते मॅचचा भाग नाही. पण जिंकायला २ हव्या असतील तर वाइडची १ धरून धावा बरोबरीत येतात, स्टम्पिंगने शेवटची विकेट जाते आणि सामना टाय होतो. हे दोन प्रसंग कमिटीने आधीच पंचांना समजावून सांगावेत. फायनलला मांडवात बसून ठरवायची ही गोष्ट नाही.

धावांचा हिशेब

रनआऊट झाल्यावर पूर्ण झालेल्या धावा मिळतात, चालू असलेली मिळत नाही. दुसऱ्या धावेला आऊट झाला तर १ धाव धरायची.

दोघेही पीचच्या मध्येच असताना विकेट मोडली तर जो त्या बाजूला जवळ आहे तो आऊट. म्हणजे एकमेकांना ओलांडलं असेल तर त्या बाजूला पळणारा, ओलांडलं नसेल तर त्या बाजूने निघालेला. कॅप्टनने कोणाला बाहेर पाठवायचं हे ठरवायचं नसतं. चांगला बॅट्समन वाचवायला दुसऱ्यालाच जायला लावणं हा प्रकार आपल्याकडे चालतो, तो पंचाने चालू देऊ नये.

बॉलरला विकेट का मिळते

स्टम्पिंगमध्ये बॉलरने बॅट्समनला फसवून बाहेर काढलेलं असतं, कीपर ते काम पुरं करतो. म्हणून नोंद दोघांच्या नावाने. रनआऊटमध्ये चूक धावण्यातली आणि कमाई फिल्डिंगची, म्हणून बॉलरचा रकाना रिकामा. हॅटट्रिकही याच हिशेबाने. स्टम्पिंग हॅटट्रिकमध्ये धरतात, रनआऊट धरत नाहीत.

स्पिनर आणि कीपरच्या जोड्या म्हणूनच लक्षात राहतात. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १६ विकेट घेतल्या. त्याच कसोटीत बडोद्याच्या किरण मोरेंनी एका डावात ५ आणि सामन्यात ६ स्टम्पिंग करून विक्रम केला. त्याआधीच्या पिढीत मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले, त्यांच्या नावावर ३५ कॅच आणि १६ स्टम्पिंग आहेत. आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे तिन्ही प्रकार मिळून सर्वाधिक १९५ स्टम्पिंग धोनीची.

बॅट्समनच्या बाजूने पाहायचं तर सचिन तेंडुलकरचं उदाहरण घ्यावं. २०० कसोटी खेळलेला हा माणूस कसोटीत फक्त एकदा स्टम्प आऊट झाला. डिसेंबर २००१, बंगळुरू, इंग्लंडचा अॅशली जाइल्स लेग स्टंपबाहेर टाकत राहिला, ९० वर सचिन पुढे आला आणि जेम्स फॉस्टरने बेल्स उडवल्या. रनआऊटमध्येही त्याचं नाव इतिहासात आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला जाँटी ऱ्होड्सच्या थ्रोवर तो ११ वर आऊट झाला. टीव्हीचं चित्र पाहून थर्ड अंपायरने आऊट दिलेला तो जगातला पहिला बॅट्समन.

रनआऊटने मॅच फिरते हेही नवीन नाही. १० जुलै २०१९ ला मँचेस्टरच्या सेमीफायनलमध्ये मार्टिन गप्टिलच्या थ्रोवर धोनी ५० वर रनआऊट झाला आणि भारत १८ धावांनी हरला. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पनवेलच्या पुढे, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये अमनजोत कौरच्या डायरेक्ट हिटने दक्षिण आफ्रिकेच्या ताझमिन ब्रिट्सला २३ वर रनआऊट केलं. पहिली विकेट ती. भारत ५२ धावांनी जिंकला. त्या विकेटसाठी कोणत्याही बॉलरचं नाव नाही, पण टीमला तिची किंमत तेवढीच.

नॉन-स्ट्रायकर आधीच पळाला तर

बॉल टाकायच्या आधीच नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून पुढे गेला तर बॉलरला त्याला रनआऊट करता येतं. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असं आऊट केलं, तेव्हापासून याला मंकडिंग नाव पडलं. मंकड मुंबईकडूनही खेळले, वानखेडे स्टेडियमचं एक गेट त्यांच्या नावाचं आहे. खुद्द डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली होती.

पुढे २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला याच पद्धतीने आऊट केलं आणि भारताने सामना जिंकला. १ ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीने ही तरतूद 'अनुचित खेळ' या ४१ व्या नियमातून काढून थेट रनआऊटच्या ३८ व्या नियमात आणली. म्हणजे आता ही साधी रनआऊट आहे. आधी ताकीद द्यायलाच हवी असं नियमात नाही. तो बॉल ओव्हरमध्ये मोजत नाहीत.

गावच्या मैदानावरचे प्रश्न

*कीपरला ग्लव्हज नाहीत. स्टम्पिंग धरायचं का?*
धरायचं. ग्लव्हज घालायची परवानगी फक्त कीपरला आहे, सक्ती नाही.

*कीपर पार मागे, बाउंड्रीजवळ उभा आहे. त्याने थ्रो करून स्टंप उडवला तर?*
बॉल टाकला जाताना तो कीपरचं नेहमीचं काम करू शकणार नाही इतक्या लांब असेल तर नियमाने तो कीपर राहत नाही. मग ते स्टम्पिंग नाही, रनआऊट. फास्ट बॉलरला नेहमीसारखं दहा-पंधरा पावलं मागे उभं राहणं वेगळं. तो कीपरच.

*बॅट्समनने सरळ मारलेला बॉल थेट समोरच्या स्टंपला लागला. नॉन-स्ट्रायकर बाहेर होता.*
बॉल मध्ये कोणत्याही फिल्डरला लागला नसेल तर नॉट आऊट. बॉलरच्या बोटाला पुसटसा जरी लागून गेला तरी रनआऊट.

*कोणत्या पंचाने निर्णय द्यायचा?*
स्टम्पिंग आणि कीपरकडच्या बाजूचा रनआऊट स्क्वेअर लेगच्या पंचाचा. बॉलरकडच्या बाजूचा रनआऊट तिथल्या पंचाचा. बाउंड्रीवरून कोणी बोलायचं नाही.

*कोणी अपील केलं नाही तर?*
अपील नसेल तर आऊट देता येत नाही. पुढच्या बॉलसाठी बॉलरने धाव सुरू करण्याआधी अपील व्हायला हवं.

*बॉलरच्या बाजूला एकच स्टंप आहे.*
नियमाप्रमाणे दोन्हीकडे तीन स्टंप लागतात. एकच लावणार असाल तर काय धरायचं ते स्पर्धेच्या पत्रकात आधी लिहा.

कमिटीने काय करावं

अंडरआर्म आणि छोट्या मैदानावरच्या स्पर्धांत नियम थोडेफार बदलतात, त्यात गैर काही नाही. पण बदल तोंडी नको. टॉसआधी दोन्ही कॅप्टन आणि दोन्ही पंचांना एका कागदावर पाच गोष्टी वाचून दाखवाव्यात : नो-बॉल आणि फ्री हिटवर स्टम्पिंग नाही. वाइडवर आहे. रेघेवर बॅट म्हणजे बाहेर. बॉल असलेल्याच हाताने विकेट मोडायची. स्क्वेअर लेगच्या पंचाचा निर्णय शेवटचा.

स्कोअर लिहिणाऱ्यानेही विकेट पडली की पंचाला विचारून 'स्टम्प' की 'रनआऊट' हे लिहावं. आता मोबाइल अॅपवर स्कोअर टाकला जातो, तिथे चुकीचं बटण दाबलं की बॉलरची विकेट जाते. उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस सायकल असो की कूलर, एका विकेटने ते दुसऱ्याच्या घरी जातं.

एन्ट्री फी वर्गणीतून भरलेली असते. कोणी कंपनीत खाडा करून आलेला असतो, कोणी भट्टीवरचं काम टाकून. मॅच भांडणात उधळली तर फी परत मिळत नाही, आणि दुसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीची टीम येत नाही. पंचाला शिव्या देण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत : विकेट कोणी मोडली, आणि बॅट्समन धावत होता का? या दोन उत्तरांत स्टम्पिंग की रनआऊट ते कळतं. मग नो-बॉल होता की वाइड एवढं पाहिलं की निर्णय लागतो.